एक सॅक, सहा बंकबेड आणि क्राकोव

युरोप म्हणजे पॅरिस, स्वित्झर्लंड आणि बाबांच्या पीएफवर डल्ला, हे समीकरण जरा बाजूला ठेवा. पोलंडमधलं क्राकोव हे विद्यार्थ्यांच्या खिशाला झेपणारं, पायी फिरता येणारं आणि आतून हलवून टाकणारं शहर आहे. तिथल्या हॉस्टेलमध्ये राहून काय बघायचं, काय खायचं आणि काय सोबत घेऊन परतायचं, त्याची ही गोष्ट.

‘हॉस्टेल’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? रात्री गेट बंद करणारे रेक्टर, मेसमधली पाणीदार आमटी आणि परीक्षेच्या आदल्या रात्री कॉरिडॉरमध्ये चाललेली झेरॉक्सची देवाणघेवाण. युरोपात पाठीला सॅक लावून फिरणाऱ्यांचं हॉस्टेल मात्र वेगळं असतं. ते धड हॉटेल नाही आणि धड आपलं कॉलेजचं हॉस्टेलही नाही. जवळचा शब्द शोधायचाच तर धर्मशाळा! एका खोलीत चार, सहा, आठ, कधी कधी बारा बेड. तुम्ही खोली घेत नाही, बेड घेता. बाथरूम सामायिक, स्वयंपाकघर सामायिक आणि संध्याकाळच्या गप्पाही सामायिक.

गंमत म्हणजे ही कल्पना एका शाळामास्तरांची. रिचर्ड शिरमान हे जर्मनीतले शिक्षक. पोरांना वर्गाबाहेर नेऊन शिकवायचं त्यांना वेड होतं. १९०९मध्ये अशाच एका पायी सहलीत त्यांना वादळानं गाठलं आणि सगळ्यांनी रात्र काढली ती एका शाळेच्या इमारतीत. सुट्टीत शाळा रिकाम्याच असतात, मग फिरणाऱ्या पोरांना तिथं झोपायला जागा का देऊ नये, असं त्यांच्या डोक्यात आलं. १९१२मध्ये आल्टेना नावाच्या गावातल्या जुन्या किल्ल्यात पहिलं कायमस्वरूपी युथ हॉस्टेल सुरू झालं. म्हणजे आज इन्स्टावर ‘बॅकपॅकर लाइफ’ म्हणून जे मिरवलं जातं, त्याचा पाया एका मास्तरांनी शंभर वर्षांपूर्वी घातला होता. पैसे नसलेल्या मुलांनीही जग बघावं, एवढाच त्यामागचा हेतू.

मी जर्मनीत मास्टर्स करत होते तेव्हा सुट्टीत कुठं जायचं, यावर आमच्या मराठी ग्रुपमध्ये महिनाभर काथ्याकूट चालायचा. पॅरिसचं बजेट काढलं की सगळ्यांचे चेहरे पडायचे. पार्टटाइम जॉबचे पैसे भाड्यात जायचे आणि उरलेल्यात अॅमस्टरडॅममधला एक बंकबेडही महाग वाटायचा. तेव्हा एका सीनियरनं नाव सुचवलं, क्राकोव. जर्मनीतून रात्रीच्या बसनं जाता येतं, पोलंड शेंगेनमध्ये असल्यानं वेगळा व्हिसा लागत नाही आणि युरोऐवजी झ्लॉटी चालतो. एका झ्लॉटीचे साधारण वीस-पंचवीस रुपये. ठरलं!

“अगं, दाराला आतून कडी आहे का?”

ठरलं खरं, पण घरी सांगायचं होतं. व्हिडीओ कॉलवर आईचा पहिला प्रश्न, “हॉटेल कुठलं घेतलंस?” हॉटेल नाही, हॉस्टेल, सहा जणींची खोली, असं सांगितल्यावर पलीकडं शांतता. मग, “अगं, अनोळखी लोकांबरोबर झोपणार तू? दाराला आतून कडी आहे का?” बाबा मागून म्हणाले, “थोडे पैसे पाठवतो, नीट खोली घे.”

आपल्यातल्या बहुतेक मुलींना हा संवाद पाठ असेल. त्यांचा धाक चुकीचा नाही, फक्त त्यांच्यासमोर हॉस्टेलचं चित्र नाही. मी स्क्रीनवर एकेक गोष्ट दाखवत गेले. फक्त मुलींसाठी असलेली डॉर्म मिळते, तिचे थोडे जास्त पैसे पडतात. खोलीचं दार की-कार्डनं किंवा कोडनं उघडतं. प्रत्येकीला लॉकर असतो, कुलूप आपलं न्यायचं. रिसेप्शनवर चोवीस तास माणूस आहे की नाही, हे बुकिंगच्या पानावरच लिहिलेलं असतं. आणि सर्वांत महत्त्वाचे रिव्ह्यू. सरासरी रेटिंगवर जाऊ नका, गेल्या दोन-तीन महिन्यांतले रिव्ह्यू वाचा, त्यातही एकट्या फिरलेल्या मुलींचे आधी वाचा. रात्री स्टेशनवरून येताना रस्ता कसा आहे, बाथरूमच्या कड्या लागतात का, तक्रार केल्यावर स्टाफ ऐकतो का, हे सगळं त्यातच सापडतं.

क्राकोवच्या बाबतीत आणखी एक गोष्ट बघायला लागते. इथं स्वस्त बिअरसाठी वीकेंडला युरोपभरातून टोळकी येतात, लग्नाआधीच्या बॅचलर पार्ट्या होतात. त्यामुळे काही हॉस्टेलं उघडउघड ‘पार्टी हॉस्टेल’ असतात. तिथं पहाटे चारला कुणीतरी गाणी म्हणत बेडवर चढतं. तुम्हाला ते हवं असेल तर जरूर जा, पण झोप हवी असेल तर रिव्ह्यूमध्ये ‘शांत’ हा शब्द शोधा. मी स्टेशनपासून पायी अंतरावरचं, स्वयंपाकघर असलेलं, शांत हॉस्टेल निवडलं. डॉर्ममधला बेड इथं मोसमानुसार साधारण ५० ते १०० झ्लॉटीत मिळतो. आईला रोज रात्री दाराचा फोटो पाठवायचा, या अटीवर परवानगी मिळाली.

शहर नाही, चालता येणारं पुस्तक

क्राकोवचं मुख्य स्टेशन जुन्या शहराला अगदी खेटून आहे. विमानानं आलात तरी विमानतळावरून ट्रेननं याच स्टेशनवर उतरायचं. सॅक पाठीला लावायची आणि चालायला लागायचं. आधी लागते प्लांती, म्हणजे जुन्या शहराला गोल वेढणारी झाडांची बाग. इथं पूर्वी तटबंदी होती. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती पाडली आणि त्या जागी बाग केली. तटाचा थोडा भाग, फ्लोरियन दरवाजा आणि त्याच्यासमोरचा विटांचा गोल बुरूज तेवढा उरलाय. किल्ल्यांवर भटकणाऱ्या मराठी पोरांना तो बुरूज बघून आपोआप जंग्या मोजाव्याशा वाटतात!

दरवाजातून आत शिरलं की सरळ रस्ता मुख्य चौकात जातो. रिनेक ग्वूव्नी त्याचं नाव. एकेक बाजू जवळपास २०० मीटर. १२५७मध्ये शहराची आखणी झाली तेव्हापासून हा चौक आहे तसाच. मधोमध सुकेनित्से, म्हणजे जुना कापडबाजार. एका कोपऱ्यात सेंट मेरी चर्च, त्याचे दोन मनोरे वेगवेगळ्या उंचीचे. त्यातल्या उंच मनोऱ्यावरून दर तासाला एक माणूस तुतारीसारखं वाद्य वाजवतो. एकदा नाही, चार दिशांना चार वेळा. आणि सूर ऐन भरात असताना मध्येच तुटतो. आख्यायिका अशी की, १२४१मध्ये तातारांचा हल्ला आला तेव्हा पहारेकऱ्यानं तुतारी फुंकून शहराला जागं केलं आणि वाजवता वाजवताच त्याच्या गळ्यात बाण घुसला. सूर तुटला तो आजवर तिथंच तुटतो. खरं-खोटं इतिहासकार बघतील. आपण खाली उभं राहून ऐकायचं आणि वाजवून झाल्यावर खिडकीतून हात हलवणाऱ्या त्या माणसाला आपणही हात हलवायचा. फुकट!

चौकात कवी आदाम मित्स्क्येविचचा पुतळा आहे. पोलिश पोरं त्याला लाडानं ‘आदाश’ म्हणतात आणि कुणाला भेटायचं असलं की त्याच्याच पायाशी भेटतात. आपल्या कॉलेजचा कट्टा असतो ना, अगदी तसं.

इथून विद्यापीठ पाच-सात मिनिटांवर. यागिएलोनियन विद्यापीठ १३६४मध्ये सुरू झालं. १४९१मध्ये इथं एका विद्यार्थ्यानं नाव नोंदवलं, निकोलस कोपर्निकस! पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे सांगणारा तो हाच. कॉलेजियम मायूसच्या कमानदार अंगणात बसलं की आपल्या सेमिस्टरचं टेन्शन अगदीच किरकोळ वाटायला लागतं. पण याच विद्यापीठाची आणखी एक आठवण आहे. ६ नोव्हेंबर १९३९ रोजी नाझींनी प्राध्यापकांना एका व्याख्यानाला म्हणून बोलावलं आणि १८०हून जास्त जणांना तिथंच अटक करून छळछावणीत पाठवलं. शिक्षक संपवले की देश संपतो, असा त्यामागचा सरळ हिशेब होता.

मग वावेल टेकडी. वर राजवाडा आणि राजांच्या राज्याभिषेकाचं कॅथेड्रल, खाली विस्तुला नदी. सोळाव्या शतकाच्या अखेरीस राजानं आपलं बस्तान वॉर्सोला हलवायला घेतलं, तोपर्यंत पोलंडचा कारभार इथूनच चालायचा. टेकडीच्या पायथ्याशी ड्रॅगनचा धातूचा पुतळा आहे, तो थोड्या थोड्या वेळानं तोंडातून खरी आग ओकतो. गोष्टीतल्या ड्रॅगनला एका चांभारानं मारलं, तेही तलवारीनं नाही. मेंढीच्या कातड्यात गंधक भरून ती त्याच्यापुढं ठेवली. ड्रॅगननं ती गिळली, घशाची आग विझवायला नदीचं पाणी पिऊन पिऊन तो फुटला. राजपुत्र हरतो आणि चांभार जिंकतो, अशी दंतकथा असलेलं शहर आवडणारच ना!

लिओनार्दो दा विंचीचं ‘लेडी विथ अॅन अर्मिन’ हे चित्रही इथल्याच चार्तोरिस्की संग्रहालयात आहे. मोनालिसासमोर असते तशी झुंबड इथं नसते. निवांत समोर उभं राहता येतं.

पोटोबाची सोय

युरोपात शाकाहारी माणसाचं काय होणार, ही काळजी निदान क्राकोवपुरती सोडा. इथं ‘बार म्लेच्नी’ असतात, शब्दशः दुधाचे बार. नावात बार असला तरी दारूचा संबंध नाही. कामगार, विद्यार्थी, पेन्शनर यांना स्वस्तात गरम जेवण मिळावं म्हणून चालणाऱ्या या खानावळी. कम्युनिस्ट काळात त्या गल्लोगल्ली होत्या, आजही काहींना सरकारी अनुदान मिळतं. काउंटरवर पैसे द्यायचे, खिडकीतून ताट घ्यायचं, खाऊन झालं की ताट परत ठेवायचं. सोबत कोण जेवतंय ते बघा. एका टेबलावर आजीबाई, एकावर बांधकामावरचे कामगार आणि एकावर लॅपटॉप उघडून बसलेली पोरं. शहर खऱ्या अर्थानं इथं भेटतं.

इथं मागवायचं ते पिएरोगी. आपल्या उकडीच्या करंजीचं पोलिश भावंडच म्हणा. बटाटा आणि पनीरसारख्या चीजचं सारण असलेले ‘रुस्किए’ घ्या. पण वरून बेकनचे तुकडे टाकायची पद्धत आहे, म्हणून ऑर्डर देतानाच ‘बेज म्यांसा’ म्हणजे ‘मांसाशिवाय’ असं सांगायचं. सूप मागवताना मात्र जास्त जपून, कारण त्यात बऱ्याचदा मांसाचा रस्सा असतो.

रस्त्यावर गाड्यांवर ओब्वाझानेक मिळतो. पिळाची गोल पावकडी, वरून खसखस, तीळ किंवा मीठ. तीन-चार झ्लॉटीत सकाळ निभावते. रात्री भूक लागली तर झापिएकांका, म्हणजे उभ्या चिरलेल्या लांब पावावर मशरूम आणि चीज घालून भाजलेला प्रकार. आपला वडापाव जसा मुंबईचा, तसा हा तिथल्या पोरांचा आधार.

आणि हॉस्टेलचं स्वयंपाकघर विसरू नका! डब्यावर नाव आणि तारीख लिहून फ्रिजमध्ये ठेवायचं, भांडी लगेच घासायची, एवढेच तिथले नियम. जाणारे लोक उरलेलं तेल, मीठ, पास्ता एका ‘फ्री’ फळीवर ठेवून जातात. माझ्याकडं जर्मनीहून नेलेले पोहे होते. मोहरी तडतडताच चौघं जण टेबलाभोवती जमले. (फोडणी मात्र बेतानं आणि खिडकी उघडून द्या, युरोपातले स्मोक अलार्म भलतेच हळवे असतात.) ब्राझीलची आर्किटेक्चरची मुलगी, कोरियाहून आलेला एक मुलगा, पोलंडमधल्याच व्रोत्सुआव्हची इतिहास शिकणारी मुलगी आणि मी. तिखट पोह्यांवर आमची ओळख झाली आणि पुढचे तीन दिवस आम्ही बऱ्यापैकी एकत्रच फिरलो.

जिथं माणसं होती

हॉस्टेलच्या रिसेप्शनवर जाहिरातींचा गठ्ठा होता. त्यात एक पत्रक होतं, ‘ऑशविट्झ आणि मिठाची खाण, एकाच दिवसात, जेवणाचा डबा समाविष्ट’. ब्राझीलची मुलगी ते वाचून म्हणाली, “मी नाही जाणार. लोकांच्या मरणाची सहल नको मला.” कोरियाचा मुलगा म्हणाला, “इथवर येऊन न बघणं मला चुकीचं वाटतं.” त्या रात्री टेबलावर यावरच वाद रंगला. व्रोत्सुआव्हची मुलगी बराच वेळ ऐकत होती. शेवटी म्हणाली, “आधी उद्या काझीमेझ बघू. मग ठरवा.”

काझीमेझ म्हणजे क्राकोवचा ज्यू मोहल्ला. १३३५मध्ये राजा काझीमेझनं वसवलेलं हे स्वतंत्र गाव, पंधराव्या शतकाच्या शेवटी शहरातले ज्यू इथं आले. आज ही क्राकोवची सर्वांत ‘हॅपनिंग’ जागा. कॅफे, ग्राफिटी, व्हिंटेज दुकानं. प्लात्स नोवी या चौकात एक गोल इमारत आहे, तिच्या खिडक्याखिडक्यांतून झापिएकांका विकतात, मध्यरात्रीपर्यंत रांगा. त्याच गोल इमारतीत पूर्वी ज्यू धर्मनियमांनुसार कोंबड्या कापल्या जायच्या. युद्धाआधी क्राकोवमध्ये साठ हजारांहून जास्त ज्यू होते. म्हणजे शहरातला जवळपास दर चौथा माणूस. आज सिनेगॉग आहेत, दफनभूमी आहे, दारांच्या चौकटींवर जुन्या खुणा आहेत. माणसं फार थोडी उरलीत. वॉर्सो युद्धात जवळपास जमीनदोस्त झालं. क्राकोवच्या इमारती वाचल्या, म्हणून आपण ते जुनं शहर बघतो. इमारती वाचल्या म्हणजे शहर वाचलं असं म्हणायचं का, हा प्रश्न तिथं चालताना सुटत नाही.

काझीमेझहून बेर्नातेक पादचारी पूल ओलांडला की पोदगूझे. पुलाच्या तारांवर कसरतपटूंचे पुतळे हवेत लटकलेत, सगळे तिथं सेल्फी काढतात. थोडं पुढं गेलं की एक मोठा चौक आणि त्यात नुसत्या खुर्च्या. लोखंडाच्या, ब्राँझच्या, मोठ्या, रिकाम्या खुर्च्या. मार्च १९४१मध्ये नाझींनी इथं घेट्टो उभारला. जिथं साधारण तीन हजार माणसं राहायची, तिथं पंधरा हजारांहून जास्त कोंबली. याच चौकात लोकांना गोळा करून छावण्यांकडं नेलं जायचं. १३ आणि १४ मार्च १९४३ला घेट्टो रिकामा केला गेला आणि रस्त्यावर उरलं ते त्यांचं सामान, खुर्च्या-टेबलं. म्हणून हे स्मारक खुर्च्यांचं. त्यांच्यातूनच रोजची ये-जा चालते. कोपऱ्यावर ‘गरुडाखालचं’ औषधाचं दुकान आहे. ताडेउश पान्क्येविच हे एकटे ज्यूतर पोलिश औषधविक्रेते घेट्टोच्या आत दुकान चालवत राहिले, लोकांना औषधं, अन्न, लपायला जागा देत राहिले. आता तिथं छोटं संग्रहालय आहे. ‘शिंडलर्स लिस्ट’मुळे गाजलेला शिंडलरचा कारखानाही जवळच. तिथल्या संग्रहालयात शिंडलरपेक्षा जास्त जागा युद्धातल्या क्राकोवला दिली आहे आणि ते योग्यच वाटतं.

तिथल्या एका बाकावर बसून मी त्या तिघांना वळिवड्याची गोष्ट सांगितली. १९४०-४१मध्ये पूर्व पोलंडमधल्या लाखो लोकांना सोव्हिएत राजवटीनं घरातून उचलून सायबेरियाकडं नेलं. त्यातून सुटलेले काही जण इराणमार्गे भारतात आले. १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवडे इथं जवळपास पाच हजार पोलिश लोक राहिले, बहुतेक बायका आणि मुलं. तिथं त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं. कोल्हापूरच्या महावीर उद्यानात त्यांची आठवण सांगणारा स्तंभ आहे आणि वॉर्सोत कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे. इतिहास शिकणाऱ्या त्या मुलीला जामनगरचे महाराज ठाऊक होते. वॉर्सोत त्यांच्या नावाचा चौकच आहे. कोल्हापूर तिनं पहिल्यांदा ऐकलं. तिनं मोबाइलवर नकाशा उघडला, मला गाव दाखवायला लावलं आणि मग म्हणाली, “इतक्या लांब?” मी म्हटलं, “आमच्याकडून इथवर येतानाही हेच वाटतं.”

दुसऱ्या दिवशी आम्ही ऑशविट्झला गेलो. ब्राझीलची मुलगी आली नाही आणि तिला कुणी आग्रहही केला नाही. एका दिवसात दोन ठिकाणांचं पॅकेज आम्ही घेतलं नाही. क्राकोवपासून साधारण ७० किलोमीटर, साध्या बसनं. तिथं सुमारे ११ लाख माणसं मारली गेली. आकडा वाचून काही होत नाही. होतं ते काचेमागच्या सुटकेसांचा ढीग बघून. प्रत्येक सुटकेसवर मोठ्या अक्षरांत नाव रंगवलेलं, काहींवर जन्मतारीख. सामान नंतर परत मिळेल, असं त्यांना सांगितलं होतं. हरवू नये म्हणून नावं लिहिली होती. आपण हॉस्टेलच्या सामानखोलीत सॅक ठेवताना तिला नावाची चिठ्ठी बांधतो, ती सकाळीच बांधून आले होते. त्यापुढं मी फोटो काढले नाहीत. केसांच्या दालनात तर फोटो काढायला मनाईच आहे. पण इतरत्रही आधी फोन खिशात ठेवावा आणि मग आत जावं, असं मी सांगेन.

परतल्यावर त्या रात्री स्वयंपाकघरात कुणी फारसं बोललं नाही. ब्राझीलच्या मुलीनं सगळ्यांसाठी पास्ता करून ठेवला होता. तिनं काही विचारलं नाही, आम्हीही सांगितलं नाही. एकट्यानं हॉटेलच्या खोलीत गेले असते तर ती रात्र फार जड गेली असती. सहा अनोळखी मुलींच्या श्वासांच्या आवाजात मला त्या दिवशी झोप लागली. हॉस्टेल स्वस्त पडतं हे खरंच, पण त्याची खरी किंमत मला अशा रात्री कळली.

जायचं की नाही, हे ज्याचं त्यानं ठरवावं. फक्त ‘बघायच्या जागांच्या’ यादीत टिक करण्यासाठी जाऊ नये. आणि गेलात तर त्या संध्याकाळी पब क्रॉल बुक करू नये.

अजून दिवस हातात असतील तर

व्येलिच्काची मिठाची खाण बघा. जमिनीखाली मिठात कोरलेलं अख्खं चर्च आहे, झुंबरंही मिठाच्या स्फटिकांची. क्राकोवचं जुनं शहर आणि ही खाण, दोन्ही १९७८च्या युनेस्कोच्या पहिल्यावहिल्या १२ जागतिक वारसास्थळांत आहेत. ट्राम पकडून नोवा हुता बघा. १९४९पासून पोलादाच्या कारखान्याभोवती उभं केलेलं हे समाजवादी आदर्श शहर. रुंद रस्ते, एकसारख्या इमारती आणि त्याच्या मध्यवर्ती चौकाला आज नाव आहे अमेरिकेच्या रोनाल्ड रेगन यांचं! इतिहासालाही विनोदबुद्धी असते ती अशी.

निघण्याआधी हे वाचा

व्हिसा : भारतातून जाणार असाल तर शेंगेन व्हिसा लागतो. ज्या देशात सर्वांत जास्त दिवस राहणार, त्याच्याकडं अर्ज. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, शेवटच्या पंधरा दिवसांवर ठेवू नका. फी ९० युरो. किमान ३० हजार युरोचा प्रवास आरोग्य विमा लागतो. जर्मनी, फ्रान्ससारख्या शेंगेन देशात शिकत असाल आणि तिथला रेसिडेन्स परमिट असेल, तर इतर शेंगेन देशांत १८० दिवसांत ९० दिवस फिरता येतं. पासपोर्ट आणि परमिट दोन्ही जवळ ठेवा.

पैसे : विमानतळावर चलन बदलू नका. शहरात ‘कान्तोर’ असतात, दोन-तीन ठिकाणचे दर बघून घ्या. कार्ड वापरताना मशीननं ‘रुपयांत की झ्लॉटीत’ असं विचारलं तर झ्लॉटीच निवडा, नाहीतर दर महाग पडतो. बेड, मिल्क बारमधलं जेवण आणि ट्राम मिळून दिवसाचे १५० ते २०० झ्लॉटी धरा. संग्रहालयांचे पैसे वेगळे. अनेक संग्रहालयांत आठवड्यातला एक दिवस मोफत असतो आणि विद्यार्थ्यांना सवलत असते. ओळखपत्र सोबत हवंच.

ऑशविट्झ : वेळेचं बुकिंग अधिकृत संकेतस्थळावर आधीच करा. गाइडशिवाय प्रवेश मोफत आहे, पण तेही स्लॉट लवकर संपतात. मोठी सॅक आत नेता येत नाही.

ट्राम : तिकीट काढून भागत नाही, चढल्यावर मशीनमध्ये त्यावर शिक्का मारायचा.

सॅकमध्ये हवंच : छोटं कुलूप, कानात घालायचे बोळे, डोळ्यांवरची पट्टी, बाथरूमसाठी स्लिपर, पटकन वाळणारा टॉवेल, युरोपचा प्लग, औषधं आणि एक पाव किलो पोहे.

हॉस्टेलची शिस्त : रात्री दहानंतर आवाज नाही. पहाटे निघायचं असेल तर सॅक आदल्या रात्रीच भरा, प्लॅस्टिकच्या पिशव्यांची खुसपुस सगळ्या खोलीला जागं करते. अलार्म एकदाच वाजू द्या. खोलीत फोनवर बोलू नका, घरच्यांचा कॉल बाहेर घ्या.

दोन शब्द : नमस्काराला ‘जेन दोब्री’, आभाराला ‘जेंकुये’. उच्चार चुकला तरी चालतो, पोलिश माणूस हसून दुरुस्त करतो.